ओथाकाकांचा वरचा सूर

ओथा पिंकनी माझे भिंतीपलीकडचे शेजारी. उत्तर फिलाडेल्फियातल्या आमच्या गल्लीत भिंती अशा, की तिकडे कुणी शिंकलं तर इकडून 'देव भलं करो' म्हणावं.

तरुणपणी काका चौघांच्या गाणाऱ्या चमूत सगळ्यात वरचा सूर लावायचे. चमू मोडला, आणि पुढे जन्मभर त्यांनी बसगाड्या दुरुस्त केल्या. आता रेकॉर्ड कंपनीने चमूची जुनी रेकॉर्ड पुन्हा काढली. चौघांतले दोघंच उरलेले, काका आणि खर्जातले क्लीव्हन. कंपनीला दोघं स्टेजवर हवे होते. पण वरचा सूर लागला तरच काका, नाहीतर त्यांच्या जागी कुणीतरी पोरगा. कंपनीच्या माणसाला ऐकवायला काकांनी आपलं चर्च निवडलं. तिथं त्यांचा सूर कधी ढळला नव्हता.

मग रोज भिंतीतून आधी रेकॉर्ड यायची, म्हणजे विशीतले काका, लोण्यासारखे. मागोमाग आत्ताचे काका, गंजक्या बिजागरीसारखे.

मी भिंत ठोकायचे. "काका, मांजर आत घ्या."

"व्हर्नेटा, तुझं मॅकरोनी-चीज कुणाच्या घशाखाली उतरत नाही, तरी दर रविवारी चर्चच्या जेवणाला आणतेसच ना?"

आलं झालं, मध झाला, वाफ झाली. बिजागरी काही सुटेना.

आमच्याकडे गाणारा अडखळला की अख्खं चर्च म्हणतं, "सावकाश, बाबा, सावकाश." त्यावर माणूस सावरतो. शनिवारी काका दारोदार फिरले.

"उद्या मला कुणी सावकाश म्हणायचं नाही. ते नवशिक्यांना म्हणतात, नाहीतर म्हाताऱ्यांना."

"मग तुम्ही कशात बसता?"

ते हसले नाहीत. "हे गेलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही गं."

मी शब्द दिला. सगळ्यांनीच दिला.

रविवारी कंपनीचा माणूस पुढच्या बाकावर. क्लीव्हननी डोळे मिटून खर्ज धरला. काका वर चढले आणि सूर मधेच तुटला. तोंड उघडं, आवाज नाही. आम्ही शब्दाला जागून गप्प. आमच्या चर्चमध्ये एवढी शांतता मयतीलाही नसते. क्लीव्हन बिचारे तीच ओळ घोळवत वाट बघत राहिले.

काकांनी आमच्याकडे पाहिलं. "अरे, म्हणा की," ते पुटपुटले.

म्हटलं आम्ही. सगळ्यांनी, घसा सुकेपर्यंत म्हटलं. कंपनीच्या माणसाने कोट उचलला, तरी आम्ही म्हणतच होतो. काकांनी पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा आली.