डब्यात काय होतं?

द्राक्षांच्या हंगामात आमच्या पॅकहाऊसमध्ये माझ्यासमोर एक मावशी उभ्या असतात. त्या कात्रीने घडातले बारके, फुटके मणी काढतात आणि घड तपासायला माझ्याकडे सरकवतात. बोलणं कमीच. पण जेवणाची सुट्टी संपली की टेबलावरच्या प्रत्येकीला त्यांचा एकच प्रश्न असतो, "आज डब्यात काय होतं?" मला तो भोचकपणा वाटायचा.

यंदा ऐन हंगामात मी तीन आठवडे एकही सुट्टी न घेता इंदिरानगरहून कामावर येत होते. एक दिवस त्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी नुकतीच जेवून उठले होते, तरी काही केल्या आठवेना.

त्यांनी माझ्यापुढची पेटी ओढून घेतली. "मग बास झालं, मॅडम. उद्या येऊ नका. मलाबी दमून असंच झालं व्हतं, पण ध्यानात आलं नाय." त्यांनी डावा हात पुढे केला. दोन बोटांवर कात्रीचा जुना, खोल व्रण होता.

मी साहेबांना सांगून दोन दिवस घरी राहिले, नुसती झोपले. परत आले तेव्हा त्या कधी विचारतात याचीच वाट पाहत होते.

"मेथी," मी म्हणाले, "आणि मीठ जरा जास्त पडलं होतं, मावशी."