टिटवीने बांधलेलं गाठोडं

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान कुणावर विश्वास ठेवत नाहीत. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की ते दुसऱ्या डॉक्टरांना विचारून येतात. दाराला कुलूप लावलं की ओढून बघतात, कोपऱ्यापर्यंत जातात आणि परत येऊन पुन्हा ओढतात. मी उभं आयुष्य रंगभूमीवर कपटी सासवा आणि विष कालवणाऱ्या राण्या रंगवल्या. नाटकातलं काम सुटल्यावर त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आले, तेव्हा कित्येक महिने माझ्या हातचा चहा त्यांनी मी घोट घेतल्याशिवाय तोंडाला लावला नाही. मला राग आला नाही. माझ्या कामाला इतकी मनापासून दाद दुसऱ्या कुणी दिलेली नाही.

मी त्यांना गाठोडेबुवा म्हणते. कॉलेजात ते गणित शिकवायचे, पण जीव गुंतला होता भलतीकडेच. गणितासाठी एक मोठं सॉफ्टवेअर आहे, कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही फुकट घ्यावं, आतला कोड वाचावा, आपल्याला हवा तो भाग त्याला जोडावा. बुवांनी जोडलेला भाग पाण्याच्या पाइपांचं गणित करतो: कुठल्या पाइपातून किती पाणी जाईल, एखादी झडप बंद केली तर कुठे तुटवडा पडेल. असा भाग लिहिणं हे निम्मंच काम. मग तो बांधावा लागतो. सगळ्या फाइली गोळा करून एक पॅकेज करायचं, परक्याच्या संगणकावर ते बिनबोभाट उघडलं पाहिजे, आणि वर आपली सही ठोकायची. आमच्या नाटक कंपनीचा कपडेपटवाला असाच ट्रंक भरायचा. दौऱ्यावर ट्रंक उघडली आणि मिशी नसली, तर महाराज गुळगुळीत चेहऱ्यानेच सिंहासनावर बसणार.

त्या वर्षी बुवांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि नेमकी त्या मोठ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येऊ घातली होती. तिच्यासाठी पॅकेज नव्याने बांधलं नाही, तर बुवांचं इतक्या वर्षांचं काम बाजूला पडणार होतं.

मदतीला होती टिटवी. हे तिने स्वतःच घेतलेलं नाव. बाई की पुरुष, राहायला कुठे, काही ठाऊक नाही. बरेच दिवस ती छोट्या छोट्या दुरुस्त्या पाठवत होती. आता तिचा निरोप आला: नवं पॅकेज मी बांधलंय, सोबत पाठवते. यापुढे सहीचा अधिकार मला द्याल का?

दुपारी बुवांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. खिडकीचा पडदा ओढलेला होता.

"ताई, तुम्ही माणसं ओळखता. हे जरा मोठ्याने वाचा."

मी वाचलं. "फार गोड लिहिते," मी म्हटलं. "असं गोड मी बोलायचे, पहिल्या अंकात."

"आणि तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात राजकुमार मरायचा."

शिवणाच्या खोलीतून धाकटी म्हणाली, "घाल, ताई, तेल घाल. आधीच झोप नाही त्यांना."

बुवांनी आवाज खाली आणला. "अशी एक लबाडी असते. कोड स्वच्छ ठेवायचा, चारचौघांना दाखवायचा. बांधताना मात्र आत हळूच काहीतरी सारायचं. गाठोडं सोडून बघतो कोण?"

"तुम्ही."

"म्हणूनच माझे डोळे जायची वाट बघत बसली होती."

पारखण्याची त्यांची एक रीत होती. एकाच कोडवरून दोन ठिकाणी पॅकेज बांधलं तर दोन्ही हुबेहूब सारखी निघायला हवीत. संगणक प्रत्येक पॅकेजचा ठसा काढतो, अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक ओळ. आत एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी ओळ पार बदलते. बुवांनी आपलं पॅकेज बांधलं आणि टिटवीच्या पॅकेजशी ताडून पाहिलं.

ठसे जुळले नाहीत.

बुवांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी उमटलं. "लिहा, ताई. अधिकार मिळणार नाही. कारण तुम्हाला माहीत आहे."

मी लिहायला घेतलं, तोच धाकटी गळ्यात टेप अडकवून दारात आली. "दोघांत फरक आहे, एवढंच ना कळलं? खोटं कुणाचं, ते कुठे कळलं?"

"माझं मी स्वतः बांधलंय."

"तुमच्याच संगणकावर. माझ्यावर बांधून बघा."

"त्यावर तुझ्या गिऱ्हाइकांची मापं आहेत."

"मग? तुमच्या गणिताला ब्लाउज शिवायचाय?"

बुवांनी तिच्या संगणकावर पॅकेज बांधलं. ठसा टिटवीच्या ठशाशी जुळला.

"तुझ्या संगणकात शिरलीय ती," बुवा म्हणाले.

"शिरली असेल तर जाताना काजबटणं करून जा म्हणावं."

बुवा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही पॅकेजं सोडली आणि भिंग घेऊन एकेक फाइल चाचपत बसले. चहा निवून गेला. सापडली ती त्यांचीच जुनी फाइल. कधीकाळी प्रयोगासाठी लिहिलेली, त्यांच्या संगणकाच्या कोपऱ्यात राहून गेलेली. पॅकेज बांधताना संगणक ती दर वेळी मुकाट्याने आत ओढून घेत होता. लोकांना दाखवलेल्या कोडमध्ये तिचा पत्ताच नव्हता. झडप बंद असली की तिच्यामुळे उत्तर चुकत होतं. आत काहीतरी सारलेलं गाठोडं बुवांचंच होतं, आणि वर सहीही त्यांचीच.

मग त्यांनी जुन्या तक्रारी काढायला लावल्या. टिटवीची पहिलीच तक्रार होती: मी स्वतः बांधलं की उत्तर वेगळं येतं, तुमच्या पॅकेजमध्ये वेगळं. खाली बुवांचं उत्तर होतं, "माझ्याकडे बरोबर येतं." आणि तक्रार बंद.

त्यांनी टिटवीला सगळं कळवलं आणि विचारलं, मग गप्प का राहिलात?

उत्तर मीच वाचून दाखवलं. "मला वाटलं, तुम्ही मुद्दाम आत काहीतरी घालता. तुमचं बोलणंही तुटक. म्हणून गोडीत राहून अधिकार मागितला, म्हणजे तुमच्यावर नजर ठेवता येईल."

बुवांनी भिंग पुसून खाली ठेवलं. मग म्हणाले, "माणूस बरा दिसतो."

त्यांनी अधिकार दिला, पण अट घातली: पॅकेज दोघांनीही बांधायचं, ठसे जुळले तरच बाहेर जाईल. टिटवीने लगेच कळवलं की हीच अट ती घालणार होती.

नव्या आवृत्तीची मुदत आली, तेव्हा बुवांच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रियेची पट्टी होती आणि दुसऱ्याला धुकंच दिसत होतं. धाकटीने आपल्या संगणकावर पॅकेज बांधलं. तिने तिथला ठसा वाचायचा, मी टिटवीचा, एक अक्षर तिचं, एक माझं. तालमीला बसल्यासारख्या आम्ही बसलो. बुवा पलंगावर पडून, मान आमच्याकडे करून ऐकत होते. मी कुठेही आवाज चढवला नाही, कुठेही थांबले नाही. शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं जुळलं.

"झालं," धाकटी म्हणाली. "पाठवू?"

"पुन्हा वाचा," बुवा म्हणाले. "आता तू टिटवीचा वाच, आणि ताई तुझा."