डालीवरची चिठ्ठी

आयुष्यात सगळ्यात जास्त हेवा मला माझ्या वहिनीचा वाटला, आणि तोही वांग्याच्या नावावरून. आता त्याचं हसू येतं असं म्हणायला हवं, पण येत नाही.

पणदऱ्याला आमची पाटाच्या पाण्यावरची बागाईत होती. कालव्याचे साहेब बारामतीच्या बंगल्यावर मुक्कामाला आले की आबा त्यांना डाली धाडत. डाली म्हणजे भेटीदाखल द्यायची भाजी-फळांची टोपली. तिच्यात काय काय आहे त्याची इंग्रजी चिठ्ठी वर खोचलेली असावी, ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हौस. बारामतीच्या शाळेत मी इंग्रजी पाचवीत होतो, म्हणून चिठ्ठी मी लिहायचो. घरात इंग्रजी येणारा मी एकटाच. मी लिहायला बसलो की आबा सगळ्यांना गप्प करत. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, दिवसभर उसात राबणारा दादासुद्धा तेवढा वेळ मांडी घालून माझ्या टाकाकडे बघत बसायचा. मला ते फार आवडायचं.

एकोणीसशे तीसच्या सुमारास दादाचं लग्न झालं. वहिनी नगरकडची. तिचे वडील तिकडे एका अमेरिकन मडमेच्या बागेत माळी होते. वहिनीला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, त्यामुळे तिच्यापासून मला धोका आहे असं मनातही आलं नाही.

लग्नानंतरची पहिलीच डाली. वहिनी वांगी पुसून टोपलीत रचत होती आणि मी मोठ्यानं ‘ब्रिंजल’ म्हणत लिहीत होतो. सासऱ्यासमोर ती बोलत नसे. मलाच हळूच म्हणाली, “भावजी, आमच्या मडमबाई ह्याला एगप्लँट म्हनायच्या. भेंडीला ओक्रा आन् शेंगदान्याला पीनट.”

आबांच्या कानावर ते गेलंच. “आगं, तुला इंग्रजी येतंय व्हय?” ते म्हणाले. त्या आवाजात जे कौतुक होतं, ते तोवर फक्त माझ्या वाट्याचं होतं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

मी माझी शाळेची डिक्शनरी आणली. चांगली बोटभर जाडीची होती. तिच्यात ब्रिंजल होतं, एगप्लँट नव्हतं. ते पान मी सगळ्यांच्या नाकासमोर धरलं आणि म्हणालो, “वांग्याला कुनी अंड्याचं झाड म्हनंल का? माळ्याच्या पोरीनं कुंपनाआडून ऐकलं, ते काय इंग्रजी झालं?” आबा हसले, आणि हसले ते माझ्या बाजूनं. दादानं एकदा माझ्याकडे बघितलं. वहिनीनं पदर पुढे ओढला आणि भेंड्या रचायला घेतल्या.

सोमवारी शाळेत मास्तरांना विचारलं. खरं तर तिची चूक पक्की करून घ्यायला विचारलं. ते म्हणाले, “दोन्ही बरोबर. अमेरिकेत एगप्लँटच म्हणतात. ब्रिंजल हा आपल्याकडच्या साहेबांचा शब्द. विलायतेहून नुकता आलेला साहेब तुझ्या ब्रिंजलनं बुचकळ्यात पडेल. त्यांच्याकडे तिसरंच नाव आहे.”

हे मी घरी सांगितलं नाही. तोवर गोष्ट पाटावर पोचली होती. धुणं धुताना बायका वहिनीला ‘मडम’ म्हणू लागल्या, आणि ‘मडम, आज काय, अंड्याची भाजी?’ असं विचारून खिदळू लागल्या. मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. कैकदा ते जिभेवर आलं आणि दरवेळी मी ते गिळलं, कारण चिठ्ठी लिहिताना आबा अजून माझ्याकडे तसेच बघत होते. वहिनीनं मात्र पुन्हा इंग्रजी शब्द उच्चारला नाही.

पुढे मॅट्रिकला मी दोनदा आपटलो आणि रानात परत आलो. वहिनीचा शब्द एव्हाना घरात चालू लागला होता. कुठल्या वाफ्यात काय लावायचं हेसुद्धा आबा तिला विचारत. मला ते बघवत नसे. एका दुपारी आम्ही दोघंच वांगी तोडत होतो. का कोण जाणे, मी बोलून गेलो, “वैनी, तुमचं खरं हुतं. मास्तरांनी तवाच सांगितलं हुतं मला.”

“मला ठावं हाय की,” ती म्हणाली. “रोज कानानं ऐकलेलं खोटं कसं आसंल?”

“मग बोलला का न्हाय तुमी?”

तिनं हातातलं वांगं उलटंपालटं करून किडकं तर नाही ना ते बघितलं आणि पाटीत टाकलं.

“तुमच्याकडं तेवढंच तर हुतं, भावजी,” ती म्हणाली, आणि पुढच्या सरीला लागली.

म्हणजे इतकी वर्षं ती माझी कीव करत होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या दुपारी तिचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्या पहिल्या डालीच्या दिवशीही वाटला नव्हता.