बांगडीत बसलेला गोल

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा त्याच्यासोबत दोन कामं आली. एक टीव्हीच्या मागे उभं राहायचं, ते बाबांचं. दुसरं टीव्हीच्या समोर उभं राहायचं, ते माझं. भाऊ नुसता पाहायचा आणि आई पाहता पाहता वाती वळायची, त्याला मी काम धरत नाही.

आम्ही नागपूरच्या लकडगंजात राहायचो. चहूबाजूंनी लाकूड कापायच्या आरामशिनी. त्या चालू असल्या की घरातलं व्होल्टेज उतरायचं, आणि व्होल्टेज उतरलं की टीव्हीचं चित्र वरून-खालून आक्रसायचं. बातम्या देणारी बाई बसक्या मानेची आणि फुगल्या गालांची व्हायची, सायकलींना लंबुळकी चाकं यायची. शेजारीपाजारी कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. चित्र दिसतं आहे ना, मग झालं तर. पण माझे बाबा सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. त्यांची निम्मी हयात हातात कंपास धरण्यात गेलेली. चपटा गोल दिसला की घासात खडा लागल्यासारखं त्यांचं तोंड व्हायचं.

संध्याकाळचे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर नुसतीच एक आकृती असायची. आडव्या-उभ्या रेघा, चौकटी आणि मधोमध एक मोठं वर्तुळ. लोक तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवायचे. आमच्याकडे खरा कार्यक्रम तोच होता. शॉक लागू नये म्हणून बाबा रबरी चपला घालायचे आणि पेचकस घेऊन टीव्हीमागे जायचे. तिथे एक बारीक भोक होतं. त्यात पेचकस घालून फिरवला की चित्र उंच व्हायचं किंवा बुटकं व्हायचं. पण मागे उभ्या असलेल्या माणसाला पडदा कुठून दिसणार? म्हणून समोर मी.

माझी पद्धत बाबांनीच बसवून दिलेली होती. हातातली काचेची बांगडी काढायची, पाच पावलं मागे जायचं, हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि बांगडी त्या वर्तुळावर धरायची. वर्तुळ बांगडीत नेमकं बसलं पाहिजे. बाजूंनी बाहेर डोकावलं तर चित्र बुटकं, वरून डोकावलं तर उंच.

"पाय वं, झाला का गोल?" मागून आवाज यायचा.

"नाही बाबा, अजून वर."

"अजून? काहून? इतका तर फिरवून राहिलो."

"अंडंच आहे अजून. फिरवा. फिरवा म्हटलं ना! हां, जास्त झालं, मागे घ्या. बस!"

एरवी ज्या माणसासमोर भाऊसुद्धा मान खाली घालून उभा राहायचा, त्या माणसाला मी असं ओरडून कामाला लावत होते, आणि तो माणूस गुपचूप ऐकत होता. मला टीव्हीचं फारसं प्रेम नव्हतं. मला त्या दहा मिनिटांचं प्रेम होतं.

मग भावाचं लग्न झालं आणि वहिनी आली. भिवापूरची. सोबत तिथल्या मिरच्यांचं एक पोतं आलं, आणि तिच्या परदेशात नोकरीला असलेल्या भावाने पाठवलेला एक व्हिडिओ गेमही आला. मिरच्यांचं मला काही वाटलं नाही. व्हिडिओ गेमने मात्र पहिल्याच दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. आख्ख्या गल्लीत तसली वस्तू कोणाकडे नव्हती. आजवर आमच्या घरी लोक टीव्ही पाहायला यायचे, आता वहिनीचा खेळ पाहायला यायला लागले. टीव्ही तोच, सतरंजी तीच, चहा करणारी मीच, पण कौतुक तिचं.

त्या खेळाची एक गंमत होती. तो तिकडच्या देशातल्या टीव्हीसाठी केलेला. आपल्या टीव्हीला जोडला की चित्र आधी वरखाली पळायचं, ते कसंबसं थांबवलं की चपटं होऊन मधल्या भागात बसायचं. वर एक काळा पट्टा, खाली एक काळा पट्टा. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक मोठा सूर्य उगवायचा, तो आमच्या टीव्हीवर बसकी भाकरी दिसायचा. रविवारी आरामशिनी बंद, व्होल्टेज ठणठणीत, तरीही चपटा. भाऊ म्हणाला, "असू द्या ना बाबा, खेळता येते ना." बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मान खाली घालून बसला. मी मात्र मनात खूश झाले. आता खेळासाठी चित्र उंच करा, खेळ संपला की पुन्हा खाली आणा. म्हणजे माझं काम दुप्पट होणार.

त्या पहिल्या रविवारी आईने मला दळण आणायला चक्कीवर पाठवलं. चक्कीवर गर्दी. पिठाचा डबा कमरेवर घेऊन मी परत आले तर दारातच बाबांचा आवाज ऐकू आला.

"पाय बरं सूनबाई, झाला का गोल?"

आणि लगेच, अगदी लगेच, एक बारीक आवाज.

"झाला, मामाजी."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. माझ्या जागेवर, सतरंजीच्या त्याच टोकाशी, वहिनी उभी होती. डोक्यावर पदर, हातात तिच्या लग्नातल्या हिरव्या बांगड्यांपैकी एक, आणि एक डोळा मिटलेला. म्हणजे बाबांनी तिला सगळं शिकवलंसुद्धा होतं. मला जे शिकायला मार खायची वेळ आली होती, ते तिला दळण दळून होईपर्यंत शिकवून झालं होतं.

मी पडद्याकडे पाहिलं. सूर्य चपटाच होता. आधीपेक्षा बरा, पण कोणालाही दिसावा इतका चपटा.

"बाबा, अंडं आहे हे," मी डबा खाली न ठेवताच म्हटलं.

बाबा टीव्हीमागून बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तो ओरबाडून काढावासा वाटला. "तुले तर नेहमी अंडंच दिसते. ही पाय, एका झटक्यात सांगते. तू दहा वेळा फिरवायला लावतं मले."

भाऊ हसला. आईने वातीवरची नजरसुद्धा वर केली नाही. "शिकू दे तिले," ती म्हणाली. "तुह्यं लग्न होऊन जाईन, मग कोण उभं राहीन टीव्हीसमोर?"

आईने ते सहज म्हटलं. माझ्यासाठी तेव्हा स्थळं पाहणं चालूच होतं, त्यात काही नवीन नव्हतं. पण तोपर्यंत मला वाटत होतं की मी गेल्यावर ती जागा रिकामी राहील. कधीमधी बाबा चपला घालून टीव्हीमागे जातील, सवयीने हाक मारतील आणि समोर कोणीच नसेल. तो विचार करून मी एकदोनदा रडलेही होते, आणि ते रडणं मला आवडलं होतं. आता तर मी घरातच होते आणि जागा भरून गेली होती.

त्यानंतर प्रत्येक रविवारी तेच, आणि हळूहळू रोजच्या वर्तुळालाही तीच. "सूनबाई!" की वहिनी हात पुसत यायची. मी मुद्दाम समोरच्या खाटेवर बसायचे. सूर्य चपटा असायचा, बांगडी वर जायची, आणि "झाला, मामाजी." ज्या बाबांना एका रेघेचा फरक चालत नव्हता ते तिच्या शब्दावर चपटा सूर्य गोड मानून घेत होते. पडद्यासमोर आल्यावर ते डोळे बारीक करायचे, काहीतरी खटकायचं त्यांना, ते मला दिसायचं. पण सून झाला म्हणाली म्हणजे झाला. मला वाटायचं, माझ्या तोंडून एकदा तरी त्यांनी असं मुकाट मान्य केलं होतं का?

एकदा मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती मिरच्यांची देठं खुडत होती.

"वहिनी, खरं सांग. तुला तो सूर्य गोल दिसतो?"

तिने आधी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "नाही ना ताई. चपटाच आहे तो."

"मग झाला झाला काय म्हणते?"

"मग काय म्हणू? सासऱ्याले म्हणू, अजून फिरवा? नाही झालं, पुन्हा करा?" ती घाबरून हसली. "आमच्या घरी माह्या आईनं अजून आजोबाकडं मान वर करून नाही पाह्यलं. मी त्याहिले हुकूम सोडू? आणि मी खोटं नाही बोलत ताई. हे पाहा." तिने मनगटावरची एक बांगडी काढली, हात लांब केला, समोर धरली आणि बोटांनी ती किंचित मागे झुकवली. गोल बांगडी डोळ्यांसमोर चपटी झाली. "अशी धरली की बसते त्याच्यात बरोबर. मग मी म्हणतो, झाला."

माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिला वहिनीची दया आली असती. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. जी जागा मी ओरडून ओरडून कमावली होती ती हिने न बोलता घेतली, आणि वर बांगडी वाकडी धरून! मी तडक बाबांकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बांगडी कशी झुकवते, ते हात करून दाखवलं. मला वाटलं, आता पाहा. आता येतील बाबा आपल्या मूळ माणसाकडे.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पानाचा डबा उघडला, बंद केला. मला वाटलं, रागावले.

रविवारी त्यांनी चपला घातल्या, पेचकस घेतला आणि मागे जायच्या आधी वहिनीसमोर उभे राहिले. "हे पाय सूनबाई. मी मागं असलो की मले काहीच दिसत नाही. त्या टायमाले मी सासरा नाही. मी आंधळा माणूस आहो आणि तू माह्ये डोळे आहे. डोळ्यानं लाजायचं नसते. चुकलं तर चुकलं म्हणायचं, जोरात म्हणायचं. समजलं काय?"

मी तिथेच खाटेवर बसले होते. इतक्या वर्षांत मला ते कधी डोळे म्हणाले नव्हते. पाय वं, इतकंच म्हणायचे.

त्या दिवशी वहिनीचा आवाज इतका बारीक आला की बाबांना दोनदा विचारावं लागलं. "जरासं... अजून... वर, मामाजी." पुढच्या रविवारी तो आवाज थोडा मोठा झाला. दिवाळीपर्यंत डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. संक्रांतीपर्यंत मामाजीचे बाबा झाले. आणि होळीच्या सुमारास मी अंगणात कपडे वाळत घालत असताना आतून ऐकू आलं, "नाही ना बाबा! बस म्हटलं का मी अजून? फिरवा गुपचूप!" आणि त्यावर बाबांचं हसणं. सूर्य आता कंपासने काढल्यासारखा गोल यायचा. पडद्यावर तो पाहायला गल्लीतले लोक यायचे. मला तो चपटा असताना जास्त बरा वाटायचा.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर नरखेड तालुक्यातलं, संत्र्यांची मोठी बाग, बांधावर मोसंबी. जाताना मी बाबांच्या गळ्यात पडून रडले तेव्हा बाजूला वहिनीही रडत होती. तिचा एक हात माझ्या पाठीवर होता आणि दुसरा बाबांच्या. तो दुसरा हात मला त्याही वेळी दिसला.

सासरी टीव्ही होता. उंच बांबूवर अँटेना बांधून नागपूर धरलेलं. संध्याकाळी विहिरींवरचे पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरायचं आणि चित्र आक्रसायचं, अगदी लकडगंजासारखं. पाहून मला बरं वाटलं. एका संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला बांगडीची गोष्ट सांगितली. आमच्याकडे कसं करतात, बाबा मागे कसे उभे राहतात, मी कशी सांगायचे. "सांगायचे" म्हणताना मी वहिनीला मध्ये येऊ दिलं नाही. माझे सासरे शेजारीच जेवत होते. ते तब्येतीने धिप्पाड, बोलायला कमी, आणि मी आल्यापासून त्यांनी मला एकदाही वाकडा शब्द ऐकवला नव्हता. त्यांनी पुढचा घास घेतला.

दुसऱ्या दिवशी ते बागेतून लवकर परत आले. पडद्यावर ती ओळखीची आकृती लागली होती. त्यांनी पाय धुतले, कोनाड्यातून पेचकस काढला आणि त्या अवजड देहाने टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरले. माझ्यासाठी करत होते ते, दुसरं काही कारण नव्हतं.

"सूनबाई," आतून हाक आली, "तुमच्या घरी करते तसं. उभी राय समोर."

मी पदर डोक्यावर घेतला. बांगडी काढली, पाच पावलं मागे गेले, हात लांब केला, एक डोळा मिटला. सासूबाई पाहत होत्या. चित्र हलायला लागलं, जरा वर गेलं आणि थांबलं.

"पाय बरं, झाला का गोल?"

अंडं होतं. धडधडीत अंडं. अजून वर, फिरवा, हे शब्द इतक्या वर्षांचे माझ्या तोंडात बसलेले, ते ओठापर्यंत आले आणि तिथेच अडकले. लकडगंजातही या घटकेला हेच वर्तुळ लागलं असणार. तिथे रबरी चपला घालून माझे बाबा टीव्हीमागे उभे असणार, आणि माझ्या जागेवरून ती त्यांच्यावर ओरडत असणार, अजून बाबा, अजून.

"बोल ना वं," मागून आवाज आला. "झाला काय?"

मी बांगडी जराशी मागे झुकवली.

"झाला, मामाजी."