फ्यूजची काचपेटी आणि आईची पिन

पेटीच्या तळाशी असलेली ती भोकांची रांग काही केल्या आईच्या डोळ्यांपुढून हलेना. भाजी चिरताना तीच, जेवणं आटोपून ओटा पुसताना तीच. करंगळीही जाणार नाही एवढी बारीक भोकं. पण केसांतली पिन जात होती. तिने स्वतःच घालून पाहिली होती.

पेटी लेकीची. लेकीला घरात सगळे फ्यूज म्हणत. सहा वर्षांची असताना तिने आईची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली, बोट पोळलं, घर अंधारात गेलं आणि नाव कायमचं चिकटलं. आईने तेव्हापासून विजेचा धसका घेतला. लेकीने मात्र विजेशी गट्टी केली. इस्त्री म्हणू नका, पंखा म्हणू नका, तिच्या तावडीतून काही सुटलं नाही. उघडायला पाच मिनिटं, जोडायला आठवडा. पुढे रीतसर शिकली, विज्ञान संग्रहालयाच्या वर्कशॉपमध्ये लागली आणि तिथून एक खोड घरी घेऊन आली: डावा हात कायम खिशात.

"पाहुण्यांसमोर तरी बाहेर काढ गं तो हात. कसं दिसतं ते!"

"अगं आई, दोन्ही हात पुढे असताना झटका बसला, तर वीज या हातातून त्या हातात छातीवाटे जाते. म्हणून सवयच लावून घेतलीय."

"चहाच्या ट्रेमध्ये कुठली आलीय वीज?"

तरी ट्रे एका हातानेच आला. अर्धा चहा बश्यांमध्ये.

यंदा तिने मनावर घेतली ती ठिणगीची शिडी. तांब्याच्या दोन सळया, खाली जवळ, वर फाकलेल्या. तळाशी ठिणगी पडायची आणि जांभळा जाळ कडकडत वर चढून टोकाला विझायचा, की पुन्हा खालून सुरू. वर्कशॉपमधला जुना ट्रान्सफॉर्मर जीवघेणा आहे म्हणून तिने भांडून तो मोडीत काढायला लावला आणि अगदी थोडा करंट देणारा नवा बसवला. भोवती जाड काचेची पेटी, टेबलावर ठेवलेली. दार जरा किलकिलं झालं की वीज बंद.

वर्कशॉपची एक रीत होती. नवी वस्तू लोकांसमोर ठेवण्याआधी बनवणाऱ्याने बाहेरचं, त्यातलं काही न कळणारं माणूस आणायचं आणि त्याला सांगायचं, हवा तेवढा आगाऊपणा करा. फ्यूजने आईला नेलं आणि वर्कशॉपच्या साहेबांसमोर उभं केलं.

"सर, हिच्याइतकं भित्रं माणूस शोधून सापडणार नाही. प्रवासाला निघताना ही डोअरबेलचीसुद्धा वायर काढते."

आईने दार ओढलं, जाळ गप्प. काचेवर पर्स आपटली, काच ढिम्म. सगळे हसले. मग वीज बंद झाली, चावी साहेबांच्या खिशात गेली आणि मंडळी चहाकडे वळली. तेवढ्यात आईने वाकून अंबाड्यातली पिन एका भोकात सरकवली. अलगद आत गेली. भोकं हवा खेळती राहायला आहेत, हे तिला सांगितलं होतं. ती बरोब्बर सहा वर्षांच्या मुलाच्या नजरेसमोर येतात, हे कुणाच्याच लक्षात आलेलं दिसत नव्हतं.

"काय मग आई, पास ना?" फ्यूजचा चेहरा असा काही फुलला होता की आईने पिन पटकन केसांत खोचली.

"पास," ती म्हणाली.

आणि आता तीच पिन हातात घेऊन, बाबांना सगळं सांगून ती ओट्याशी उभी होती.

"अगं, पिन सळईपर्यंत पोचणारही नाही," पेपरातून डोकं वर न काढता बाबा म्हणाले. "तू तर टोस्टरमधून पाव उडाला तरी दचकतेस."

"पिन नाही पोचणार. छत्रीची काडी पोचेल. उद्या सकाळी शाळेची मुलं येताहेत, आपली पोरगी त्या वयात काय करत होती विसरलात?"

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"एवढी खुशीत होती हो ती. म्हटलं, आपलं नेहमीचंच घाबरणं असेल."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "आणि तिने तुला नेलं होतं कशासाठी?"

आईने पिन पुन्हा केसांत खोचली. मग हात पुसले. उद्याचं उद्घाटन पुढे जाईल, साहेबांसमोर लेकीची पंचाईत होईल, आठवडाभर फुरंगटून बसेल. बसू दे. भोकांना आतून बारीक जाळी लागेपर्यंत ती पेटी सुरू होता कामा नये.

"फोन कुठे ठेवलात माझा?" तिने विचारलं. "तिला सांगते, नापास."