अंजनाबाईचं पहिलं टोपलं

कन्हानकडच्या बोडीतले, म्हणजे लहानशा तळ्यातले, शिंगाडे घेऊन कवडू ढिवर धरमपेठेच्या बाजारात बसला, की गिऱ्हाईक आधी विचारी, "अंजनाबाईचेच ना?" वल्हवायचा डोंगा कवडूचा, घाम दोघांचा, नाव मात्र एकट्या बायकोचं! कवडू वरून कुरकुरे, आतून फुगे.

अंजनाबाई वेल हातभर अंतर राखून लावी, पायाच्या अंगठ्यानं मुळं गाळात दाबी. आणि तोडीचं पहिलं टोपलं, नाल्याचं ताजं पाणी बोडीत शिरतं त्या कोपऱ्यात, परत ओतून देई. "पाण्याचं पाण्याले," म्हणे.

"पाणी उपास करून राहिलं काय वं?" कवडू चिडवी.

बहात्तर सालच्या कार्तिकात, त्याच कोपऱ्यात वेलात पाय गुंतून ती गेली.

कवडूनं पाण्याशी अबोला धरला. "बाई नेली, आता टोपलंही पायजे?" पुढच्या हंगामात त्यानं वेल दाटीवाटीनं कोंबले, वर युरिया फेकला. शिंगाडे झाले पैलवानासारखे. धरमपेठेतल्या यमुताईंनी एक चावला आणि म्हणाल्या, "कवडू, अरे पाणी सोलून विकतोस की काय? अंजनाबरोबर चवही गेली बघ."

बाई थट्टेत बोलल्या, पण कवडूच्या काळजात काटा रुतला. अंजनाचा फोटो नव्हता. चेहराही हल्ली आठवताना हलत्या पाण्यासारखा मोडे. धड अशी एक चवच उरली होती. ती त्यानं आपल्याच हातानं घालवली होती.

त्या कोपऱ्याकडे तो फिरकत नसे. शेजारचा लहानू म्हणे, "वारा नसते तरी तिथलं पाणी हालते गा. वहिनी अजून तण काढून राहिली."

शेवटी एका सकाळी धुक्यात कवडूनं डोंगा तिकडे वळवला, लहानूला बळंच पुढे बसवून. कोपऱ्यात हिरवीगार पानं तरंगत होती. तिथं तर त्यानं काहीच लावलं नव्हतं! एक शिंगाडा तोडून, सोलून त्यानं तोंडात टाकला.

गोड. मागून गाळाचा थंडगार वास. अंजनाच!

गेल्या सालचं तिचं टोपलं उगवलं होतं, एवढं त्याला उमगलं. वेलावेलांत हातभर अंतर कुणी राखलं, ते मात्र नाही.

टोपलं भरलं. लहानू खूश झाला. "ने आता यमुताईले! तोंडच बंद होते बाईचं."

कवडूनं ते तिथंच पाण्यात पालथं केलं.

"अबे! काहून गा?"

"सालभर उपाशी हाय पाणी," कवडू म्हणाला आणि गालातला उरलेला तुकडा न चावता तसाच धरून बसला.