दोन सह्यांचा कागद

माझ्या आत्यानं आयुष्यभर कप वाजवले. नदीकाठच्या कपबशीच्या कारखान्यात भट्टीतला माल निवला की फळ्यांवर मांडून तिच्यापुढे येई. एका फळीवर चोवीस कप. बारीक लाकडी काडीनं ती एकेका कपाच्या काठावर टिचकी देई आणि जिवाचा कान करून ऐके. चांगल्या कपाचा आवाज हवेत थोडा तरंगतो आणि मग सावकाश खाली बसतो. ज्याच्या अंगात केसाएवढा तडा असतो तो बद्द बोलतो, मग तो दिसायला कितीही देखणा असो. असा कप ती मुकाट्यानं बाजूला सारी. सगळे तिला कानवाली म्हणत, आणि ते नाव तिनं दागिन्यासारखं मिरवलं.

पण फळी एकटीची नसे. त्या कारखान्यात सगळं काम जोडीनं चाले. माती मळायला दोघं, भट्टी भरायला दोघं, पेट्या बांधायला दोघं. आत्याच्या जोडीला शिक्केवाली होती. आत्यानं वाजवलेला कप ती उजेडाकडे धरून फिरवून बघे, डाग नाही, फोड नाही अशी खात्री झाली की तळाला निळा शिक्का उमटवी. फळीच्या कडेला शेवटी दोघींच्या खुणा पडत, आत्याची लाल आणि तिची निळी. एकच खूण असलेली फळी कोठारात जात नसे. मालक स्वतः ढकलायला आला असता तरी गेली नसती.

बावीस वर्षांपूर्वी कारखाना बुडता बुडता वाचला तो कामगारांमुळे. सहा महिने अर्ध्या पगारावर सगळे राबले, आणि उरलेल्या अर्ध्याचे मालकानं शेअर दिले. कागद करायला शहरातून एक कारकून आला होता. "नाव कुणाचं लावू?" त्यानं रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारलं. तो पेट्या बांधणारा, आम्ही त्याला पेटीकाका म्हणतो. छाती काढून म्हणाला, "जोडीचं लाव. आमच्या फळीवर दोन खुणा असतात, कागदावर एक कशी असेल?" मागच्या सगळ्यांना ते इतकं पटलं की अख्खी रांग तेच बोलत पुढे सरकली. कारकुनानं दोनदा समजावलं, पुढे विकायचे झाले तर दोघांच्या सह्या लागतील. लोक हसले. जोडी काय आज आहे आणि उद्या नाही?

आणि मग अकरा वर्षांपूर्वी एक पेटी परत आली. गरम चहा ओतला की त्यातले कप उभे चिरत होते. साहेबानं दोघींना समोर उभं केलं. आत्या म्हणाली, "मी वाजवले तेव्हा चोख होते. शिक्का मारताना बघायला नको?" शिक्केवाली काहीच बोलली नाही. तिचा शिक्का काढून घेतला, तिला पेट्यांत गवत भरायच्या कामाला लावलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. नळावर एक आली की दुसरी कळशी उचलून निघून जाई.

यंदा ते पत्र आलं. एका बड्या कंपनीला कारखाना हवा होता. बाजारात शेअरचा जो भाव होता त्याच्या अडीचपट ती द्यायला तयार होती. मात्र निम्म्याहून जास्त शेअर हाती आले तरच व्यवहार, नाहीतर सगळे अर्ज परत. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. मी त्या आठवड्यात आत्याकडेच होतो. तिचा मुलगा, माझा आतेभाऊ, भट्टीवर काम करतो. पत्राच्या चौथ्या पानावर त्यानं काळं बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं की उत्पादन इतरत्र हलवलं जाईल आणि नदीकाठच्या जागेचा योग्य विनियोग होईल.

"म्हणजे भट्टी बंद," दादा म्हणाला. "नाव आपलं, शिक्का आपला, कप दुसरीकडचे. आई, तुला काहीही करायचं नाही. फक्त सही करायची नाही."

"कुणी मागितलीय?" आत्या म्हणाली.

"मागेल शिक्केवाली. तिला लेकीच्या घरी जिन्याखाली निजावं लागतं. स्वतःची खोली हवीय तिला, सगळ्यांना सांगत फिरते."

आत्यानं तो जोडीचा कागद कपाटातून काढला, बघितला आणि परत ठेवला. चार दिवस ती असंच करत होती.

शुक्रवारी सकाळपासून रस्त्यावर नुसती धावपळ. बावीस वर्षांत जोड्यांचं काय काय झालं होतं ते त्या दिवशी उघड्यावर आलं. कुणाचा जोडीदार परगावी, कुणाचा कोर्टात विरोधात उभा. पेटीकाका दारातूनच ओरडला, "माझा तर वर गेला हो! त्याची सही कुठून आणू? जिवंत होता तेव्हा हजेरीवर करत नव्हता!"

"तूच म्हणाला होतास ना, जोडीचं लाव," आत्या आतून म्हणाली.

"म्हणालो. जीभ झडली असती तर बरं झालं असतं!" आणि तो जोडीदाराच्या मुलांना शोधत पळाला.

दुपारी दादा कामावर गेला. जाताना दाराशी थांबला. "आई, दार लावून घे. पाचला उघड." आत्यानं कडी घातली आणि खाटेवर बसून राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज एवढा मोठा कधी वाटला नव्हता. तीन वाजले. साडेतीन. चारला पाच कमी असताना दारावर थाप पडली. एकच, हलकी.

मी आत्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नको.

"मला माहीत आहे तू आत आहेस," बाहेरून आवाज आला. "घड्याळ ऐकत बसलीयस."

अकरा वर्षांनी तो आवाज त्या घरात येत होता. आत्या उठली आणि तिनं स्वतः कडी काढली.

शिक्केवाली वाळली होती, पण ताठ होती. तिनं अर्ज टेबलावर पसरला. खाली दोन रिकाम्या रेघा होत्या. "मी भांडायला आले नाही. मला माहीत आहे तुझा मुलगा भट्टीवर आहे. पण मी बासष्ट वर्षांची आहे आणि जिन्यावरून कुणी उतरलं की माझ्या तोंडावर धूळ पडते. तुला नाही म्हणायचं असेल तर तोंडानं म्हण. कडी घालून नको."

आत्या उभ्याउभ्याच म्हणाली, "त्या दिवशी माझा कान बंद होता."

शिक्केवालीनं अर्जावरचा हात काढला.

"सर्दीनं. उजवा कान पार गच्च. घरी बसले असते तर तुझाही दिवस बुडाला असता, जोडी मोडली की दोघींचा खाडा. म्हणून आले. काडी मारत होते आणि नुसता अंदाज करत होते. साहेबासमोर सांगायला जीभ वळली नाही. कानवालीचाच कान गेला म्हणून हसले असते सगळे."

"मला माहीत होतं," शिक्केवाली म्हणाली. "दिवसभर मान तिरकी करून डावा कान पुढे करत होतीस. कोंबडीसारखी."

"मग शिक्का का मारलास?"

"तू वाजवलं होतंस म्हणून." ती खुर्चीवर बसली. "अकरा वर्षं वाट बघितली, आज सांगेल, उद्या सांगेल. इतकं जड होतं का गं?"

घड्याळात सव्वाचार झाले. आत्यानं पेन मागितलं. मी म्हणालो, "आत्या, दादा..." तिनं हातानंच मला गप्प केलं. "त्याला मी सांगेन. हिचा शिक्का माझ्या तोंडानं गेला. आता हिची खोलीही माझ्याच हातानं जाऊ देऊ?" तिनं सही केली. अक्षर वाकडं आलं. शिक्केवालीनं खाली आपली केली, कागद छातीशी धरला आणि निघाली. दारात वळली नाही, आभारही मानले नाहीत. मी खिडकीतून बघत होतो, त्या वयात ती जवळजवळ धावत होती.

संध्याकाळी दादाला आत्यानं एका वाक्यात सांगितलं. तो ताटावरून उठला. तीन दिवस मायलेकांत शब्द नव्हता, आणि त्या घरात इतकं शांत होतं की मी भांडीसुद्धा जपून ठेवत होतो.

चौथ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर कागद लागला. बड्या कंपनीला निम्मे शेअर मिळाले नव्हते, थोडक्यात हुकलं होतं. एका सहीचे अर्ज गठ्ठ्यानं बाद झाले होते. विकायला उतावीळ झालेले कित्येक जण जोडीदाराची सही मिळवू शकले नव्हते. पेटीकाकाचाही अर्ज त्यात होता, मृताच्या तीन मुलांतला एक राजी झाला नाही म्हणून. जी चूक छाती काढून केली होती तिनंच भट्टी वाचवली. दोन्ही सह्या जागेवर असलेल्या थोड्या अर्जांत आत्याचा होता, आणि तोही परत आला.

दादा त्या संध्याकाळी जेवायला बसला. "आई, तुला हे माहीत होतं का?"

"नव्हतं," ती म्हणाली. "आणि भट्टी गेली असती तरी मी सही केलीच असती. हे नीट ऐकून ठेव."

तो भात कालवत राहिला. "ऐकलं," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आत्या स्वतः शिक्केवालीकडे गेली. "कागद जोडीनं राहू दे म्हणणार असशील तर तशीच परत फिर," ती जिन्याखालून म्हणाली. "मला जोडी नको, खोली हवी." दोघींनी कागदाचे दोन कागद करून घेतले, त्याला महिना लागला. शिक्केवालीनं आपला अर्धा नेहमीच्या बाजारभावानं विकला. मोठं काही झालं नाही. भाड्याच्या एका खोलीची अनामत भरण्याइतके आले. खोलीला खिडकी आहे आणि वर जिना नाही.

गुरुवारी आत्या तिथं जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा मी सोबत होतो. शिक्केवालीनं चहा पुढे केला. जुन्या सवयीनं आत्याचं नख कपाच्या काठाशी गेलं आणि तिथंच थांबलं.

"वाजव, वाजव," शिक्केवाली म्हणाली. "आज कान बरा आहे ना?"

आत्यानं टिचकी मारली. आणि आपला तो डावा कान, मुद्दाम, तिरका पुढे केला.